पिसू कुत्र्यावर जेवते, घरात वाढते

अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यातल्या बऱ्याच वस्त्यांवर आता रात्री कुत्रं अंगणात ठेवत नाहीत. बिबट्या नेतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. त्यामुळे अंधार पडला की कुत्रं ओसरीत, पडवीत, नाहीतर थेट माणसांच्या खोलीत येतं, आणि ते यायलाच हवं. पण त्याच्याबरोबर पिसवाही आत येतात. आजवर त्रास गोठ्यापुरता होता, तो अंथरुणापर्यंत पोचतो. लेकरांच्या घोट्यांवर लाल ठिपके दिसायला लागतात आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, हे कुत्रंच नको.

कुत्रं बाहेर काढल्याने हे थांबत नाही. नव्याने जन्मलेल्या पिसूला केसाळ जनावर सापडलं नाही, तर ती समोर येईल त्याचं रक्त पिते, आणि घरात उरलेली असतात माणसं. कुत्रं सोडून दिलेल्या घरात पुढचे काही आठवडे चावे वाढतात ते यामुळेच. आपण समजतो पिसवा कुत्र्याच्या अंगावर राहतात. अंगावर असतात त्या फक्त पूर्ण वाढलेल्या पिसवा, आणि घरातली पिसवांची सगळी पैदास धरली तर त्या साधारण पाच टक्के भरतात. बाकीची पंच्याण्णव टक्के पैदास अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात जमिनीवर, गोधडीत, भेगांत आणि धुळीत पडलेली असते. आपला सगळा राग आणि सगळं औषध मात्र त्या पाच टक्क्यांवर खर्च होतं. या लेखातला प्रत्येक सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे: औषध जनावराला द्यायचंच, पण लढाई जनावर झोपतं त्या जागेवर जिंकायची असते.

आधी ओळख पटवा

गोचीड, ऊ, पिसू या तिन्हींना घरोघरी एकाच दमात ‘किडे झालेत’ म्हणतात आणि तिन्हींवर एकच औषध मारतात. तिथेच पैसे वाया जातात. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तांबूस-काळपट, बिनपंखांची आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. केसांतून ती सरकन पळते आणि बोट टेकायच्या आत उडी मारते. गोचीड उडी मारत नाही. कातडीत तोंड रुतवून बसते आणि रक्ताने टम्म फुगते. ऊ संथ चालते, तिच्या लिखा केसाला चिकटलेल्या असतात. पिसूची अंडी केसाला चिकटत नाहीत. ती गुळगुळीत, पांढरी, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी असतात आणि कुत्र्याने अंग झटकलं की जिथे असेल तिथे सांडतात.

पिसू दिसली नाही म्हणून नाही असं समजू नका, मांजराच्या बाबतीत तर मुळीच नाही. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि निम्म्या पिसवा गिळून टाकतं. पिसू दिसली नाही तरी तिची विष्ठा केसांत सापडते, आणि तपासायला पैसा लागत नाही. ओला पांढरा कागद किंवा ओलं पांढरं फडकं जमिनीवर पसरा, त्यावर जनावराला उभं करा आणि शेपटीच्या बुडाशी, पाठीवर बारीक दातांची उवांची फणी उलटसुलट फिरवा. काळे कण पडतील. माती असेल तर ती काळीच राहील. कणाभोवती तांबडी ओल पसरली तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसूची विष्ठा. हे कण लक्षात ठेवा, कारण घरातल्या अळ्यांचं मुख्य अन्न हेच आहे.

माणसाला पिसू बहुधा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चावते. ढेकूण रात्री झोपेत चावतो आणि हात, मान, पाठ असं जे उघडं असेल ते गाठतो. संशय असेल तर गुडघ्यापर्यंत पांढरे पायमोजे घालून कुत्र्याच्या झोपायच्या जागी आणि खाटांच्या अवतीभोवती पाच-दहा मिनिटं सावकाश फिरा. पिसवा असतील तर मोज्यांवर चढलेल्या दिसतील. दुसरा उपाय रात्रीचा: परातीत साबणाचं पाणी घेऊन जमिनीवर ठेवा आणि त्यावर दिवा लावा. उजेडाकडे आणि उबेकडे झेपावणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात. याने घर रिकामं होणार नाही, पण कोणत्या खोलीत किती आहेत हे सकाळी कळतं, आणि उपाय लागू पडतोय का हेही पुढे याच परातीवरून मोजता येतं.

अंड्यापासून पिसूपर्यंत

मादी पिसू जनावराच्या अंगावर पोचल्यावर काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. रोजची चाळीस-पन्नास अंडी ती घालू शकते. दोन-चार दिवसांत, थंडीत थोड्या उशिरा, त्यांतून अळ्या निघतात. अळीला उजेड सोसत नाही. ती खाटेखाली, पोत्यांच्या थप्पीमागे, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, गोधडीच्या घड्यांत शिरते आणि वरून गळणारी ती काळी विष्ठा खाऊन वाढते. मग स्वतःभोवती चिकट धाग्याचा कोष विणते. कोषाला धूळ-माती चिकटून तो आजूबाजूच्या कचऱ्यात बेमालूम मिसळतो. हवा उबदार आणि दमट असली की हा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

खरी अडचण कोषाची आहे. त्याच्यावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर पडत नाही. बाहेर ऊब, पावलांची थरथर आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत वाट पाहते. हवामान मानवलं तर चार-पाच महिनेसुद्धा ती आत थांबू शकते. आणि जनावर किंवा माणूस जवळ आलं की सेकंदांत बाहेर येते.

आपल्या जिल्ह्याचं हवामान इथे समजून घेतलं पाहिजे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, बहुतांश पर्जन्यछायेत. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अळीला हवेत निम्म्याहून अधिक आर्द्रता लागते. कोरड्या हवेत ती सुकून मरते. त्यामुळे कर्जत-जामखेडच्या उघड्या अंगणात एप्रिल-मेच्या उन्हात अंडी-अळ्या टिकत नाहीत. पण लोक या भरवशावर निर्धास्त होतात, आणि ते चुकीचं आहे. उन्हाळ्यात जनावर नेमकं सावली आणि गारवा शोधतं: पाण्याच्या हौदाच्या आडोशाला, रांजणाखाली, कडुनिंबाच्या गर्द सावलीत, आणि घरात कूलरच्या समोर. तिथेच ओल असते, तिथेच अंडी गळतात, आणि पिसवांचं बीज पावसापर्यंत टिकून राहतं. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की संख्या वाढते आणि दिवाळीपर्यंत तिचा कळस होतो. घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊसच हजारो मिलिमीटर, तिथे घरं महिनोन्‌महिने ओली राहतात. तिथल्या लोकांनी मैदानातल्या तालुक्यांपेक्षा आधी, रोहिण्या बरसायच्या आतच सुरुवात करावी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी महिना मे. तेव्हा पिसवा कमी असतात आणि ऊन आपल्या बाजूने असतं. तेव्हाच घर झाडून, भेगा बुजवून, गोधड्या तापवून घेतल्या तर पावसात वाढायला मागे फार काही उरत नाही. आपल्याकडे होतं नेमकं उलटं: मे महिन्यात पिसवा दिसत नाहीत म्हणून कुणी हात लावत नाही आणि ऑक्टोबरात धावाधाव होते.

‘औषध लागू पडलं नाही’

हे वाक्य औषधाच्या दुकानात रोज ऐकू येतं. जनावराला चांगलं औषध दिलं, दोन दिवस बरे गेले, आठवड्याने पुन्हा पिसवा. मग औषध नकली ठरतं आणि लोक दुप्पट मात्रेकडे किंवा शेतातल्या बाटलीकडे वळतात. घडलेलं असतं एवढंच: औषधाने अंगावरच्या पिसवा मारल्या, पण औषध देण्याच्या आधी पडलेल्या अंड्यांतून आणि कोषांतून नव्या पिसवा रोज निघत राहिल्या आणि रोज कुत्र्यावर चढत राहिल्या. त्या चढतात आणि मरतात. आपल्याला चढलेल्या दिसतात. हे चार ते आठ आठवडे चालू शकतं. या काळात औषधाची पुढची मात्रा ठरल्या तारखेला दिली आणि जमीन साफ ठेवली, तर जुना साठा संपतो आणि नवी अंडी पडतच नाहीत. मधेच सोडलं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून सलग तीन महिने हा किमान काळ धरून चाला, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच वेळी औषध द्या. खाजवत नसलेल्या मांजराला वगळलं तर तेच सगळ्यांना पिसवा पुरवत राहतं.

कोणतं औषध, आणि कोणतं अजिबात नाही

कुत्र्यासाठी आज चांगली औषधं मिळतात. मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब किंवा त्याचाच फवारा. तोंडाने द्यायच्या अफोक्सोलनर, फ्लुरालनर, सॅरोलनर या जातीच्या गोळ्या, ज्यांत काहींचा परिणाम महिनाभर तर फ्लुरालनरचा जवळजवळ तीन महिने टिकतो. गोळी खाल्लेल्या कुत्र्याला चावलेली पिसू अंडी घालायच्या आत मरते, आणि आपल्याला हवं ते हेच. मात्रा वजनावर असते, अंदाजावर नाही. म्हणून आधी कुत्र्याचं वजन करा. घरच्या वजनकाट्यावर स्वतः कुत्र्याला घेऊन उभं राहून नंतर आपलं वजन वजा केलं तरी पुरतं. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी पशुवैद्यांना सांगायलाच हवं. थेंब टाकल्यावर ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात, म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नका, तलावात-कालव्यात पोहू देऊ नका.

मांजरासाठी मांजराचंच औषध. सेलामेक्टिनचे किंवा मांजरांसाठीच्या फिप्रोनिलचे थेंब मिळतात. ‘मांजरासाठी मांजराचंच औषध’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी पाठ करावं, कारण यात चूक झाली तर मांजर जातं. परमेथ्रिन हे कुत्र्यांच्या अनेक औषधांत, पावडरींत आणि शाम्पूंत असतं, आणि मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. कुत्र्याला टाकलेलं औषध अंगाला घासून लागलं तरी मांजर थरथरतं, लाळ गाळतं, झटके देतं. गोठ्यात गोचिडांसाठी सर्रास वापरलं जाणारं डेल्टामेथ्रिन, म्हणजे ब्युटॉक्ससारखी औषधं, याच कुळातली. ती मांजराला कधीही लावू नका. असं घडलंच तर मांजराला कोमट पाण्याने आणि भांड्याच्या सौम्य साबणाने लगेच धुवा, कोरडं करा, ऊब द्या आणि बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. घरात ससे असतील तर त्यांना फिप्रोनिल लावू नका, ते त्यांच्या जिवावर उठतं.

फिप्रोनिल हे नाव ऊसवाल्यांना ओळखीचं आहे. खोडकिडीसाठी तेच वापरतात, आणि म्हणून शेडमधली बाटली पाण्यात घालून कुत्र्याच्या पाठीवर ओतण्याचा मोह होतो. करू नका. शेतातल्या औषधाचं प्रमाण वेगळं, त्यात मिसळलेली रसायनं वेगळी, आणि कुत्रं ते सगळं चाटून पोटात घेतं. हीच गोष्ट क्लोरपायरीफॉसची आणि कांद्यावर, कपाशीवर फवारायच्या इतर औषधांची. ‘गॅमॅक्सीन पावडर’ अजूनही काही जुने लोक मागतात. तिच्यातलं बीएचसी आणि लिंडेन, दोन्हींवर आपल्याकडे बंदी आहे आणि ती योग्य कारणासाठी आहे.

तंबाखूचं पाणी हा गावोगावचा जुना उपाय. निकोटिन कातडीतून आत जातं. लहान पिल्लू त्यात मरू शकतं. रॉकेल कातडी जाळतं. फिनेल मांजराला विषारी आहे, त्याने पुसलेली फरशीही वाळायच्या आत मांजराला वर्ज्य. लसूण खायला घालणं तर थांबवाच: पिसवा जात नाहीत, पण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं. कडुनिंबाचा पाला गोधडीखाली ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

इंजेक्शनचंही सांगतो. आयव्हरमेक्टिन खरजेवर, जंतांवर उपयोगी औषध आहे, पण नेहमीच्या मात्रेत पिसवांवर ते भरवशाचं नाही, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना घातक ठरू शकतं. अमिट्राझ गोचीड आणि खरजेसाठी. पिसू त्याने हटत नाही आणि मांजराला ते चालत नाही. ‘एक सुई मारा, सगळं जाईल’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या किड्यासाठी, हा प्रश्न विचारा.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत. त्यांच्यासाठी फणी, कोमट पाणी आणि सौम्य साबण. आंघोळ घालताना आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर भिजलेल्या अंगावरच्या पिसवा डोक्याकडे, कानांत पळतात. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, नखाने चिरडू नका. पिल्लं लगेच कोरडी करून उबेत ठेवा. आणि औषध त्यांच्या आईला द्या, कोणतं ते पशुवैद्यांना विचारून, कारण ती दूध पाजत असते.

जमीन

जनावर जिथे झोपतं तिथून सुरुवात करा. त्याला एकच ठरलेलं अंथरूण द्या, म्हणजे निम्मी अंडी तिथेच गळतील. ते आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात भिजवून धुवा आणि दुपारच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. गोधडी धुवायला जड जात असेल तर कुत्र्यासाठी गोधडी वापरूच नका; जुनी चादर किंवा गोणपाट वापरा, म्हणजे दर आठवड्याला धुता येईल आणि खराब झालं तर जाळून टाकता येईल.

झाडू रोज, पण फक्त मधल्या मोकळ्या जागेत नाही. खाट उचलून, कपाट सरकवून, पोत्यांची थप्पी हलवून, चुलीमागचं जळण काढून कोपरे झाडा. केर दाराबाहेर लोटू नका, पिशवीत बांधून जाळा किंवा लांब उन्हात टाका. दाराबाहेर लोटलेला केर कुत्र्याच्या पायांबरोबर परत येतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा फायदा दुप्पट: तो अंडी ओढतो आणि त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर पडतात. पिशवी मात्र त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा. शेणाने सारवलेल्या जमिनीत भेगा असतील तर आधी पांढऱ्या मातीने बुजवून मग सारवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत जनावराला तिथे बसू देऊ नका. सावेडी-केडगावसारख्या भागात इमारतीत राहणाऱ्यांनी जिन्याखालची जागा विसरू नये. भटकं कुत्रं किंवा व्यालेली मांजर तिथे बसत असेल तर वरच्या सगळ्या मजल्यांचे उपाय अपुरे पडतील. तिलाही औषध मिळायला हवं, आणि तो खर्च सगळ्यांनी मिळून करावा.

त्रास जास्त असेल तरच फवारणी. घरगुती वापरासाठी मान्य असलेलं औषध, लेबलावरच्या प्रमाणात, भिंतीच्या बुडाशी, भेगांत, खाटेखाली. पायरिप्रॉक्सिफेनसारखं अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं औषध सोबत असेल तर उत्तम, कारण मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाला जे जमत नाही ते हे करतं. माणसं, कुत्री, मांजरं, कोंबड्या सगळे बाहेर, अन्नपाणी झाकलेलं, माशांची काचपेटी झाकून पंप बंद. वाळल्यावरच आत या. कोषातून दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी निघेल, तेव्हा दुसरी फवारणी लागू शकते.

शेळ्यांचा वाडा

संगमनेरी शेळी ही आपल्या जिल्ह्याची ओळख. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधनाचं काम चालतं. पारनेर, संगमनेर, श्रीगोंद्याकडे मेंढ्यांचे कळप आहेत. आणि घरातल्या पिसवांचं मूळ अनेकदा कुत्र्यात नसून या वाड्यात असतं. आपल्या देशात कुत्र्यावर सापडणारी पिसूच शेळ्या-मेंढ्यांवरही आनंदाने जगते. रात्री शेळ्यांच्या कुशीत झोपणारं कुत्रं सकाळी घरात येतं. अशा घरात कुत्र्यावर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जातो.

वाड्यात लेंड्या, सांडलेला पाला, मूत्राची ओल आणि सावली या सगळ्यांत अळ्या पोसतात. उपाय मेहनतीचा आहे, पण खात्रीचा. लेंड्या रोज काढा. उकिरडा दारापासून लांब हलवा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, जमिनीचा वरचा दोन-तीन इंचांचा थर खरवडून शेतात उन्हात पसरा, नवी कोरडी मुरमाड माती टाका, चुना भुरभुरा आणि एक-दोन दिवस शेळ्या दुसरीकडे बांधा. गळकी पाण्याची टाकी दुरुस्त करा. त्या एका ओल्या कोपऱ्यात शेकडो अळ्या वाढतात. जमिनीपासून वर फळ्यांचा मचाण केला आणि लेंड्या खाली पडू दिल्या तर त्रास निम्म्यावर येतो. काही जण गॅसच्या ज्योतीने भिंती आणि जमीन भाजून काढतात. गोचीड आणि पिसू दोन्हींवर त्याचा उपयोग होतो, पण छपराला पाचट असेल तर चुकूनही नाही.

करडांच्या खालच्या पापण्या उलटून पाहा. आतून गुलाबी ऐवजी पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालं आहे, आणि पिसवांनी भरलेल्या वाड्यात करडं यानेच दगावतात. शेळीला औषध लावताना किंवा टोचताना एक प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका: दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही? काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारातून नवं जनावर आणलं तर ते तपासून, औषध देऊन, थोडे दिवस वेगळं बांधून मगच कळपात सोडा.

कुलूपबंद घर

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलात परततात. घर उघडलं की पहिल्याच रात्री लेकरं पिसवांनी फोडून निघतात आणि लोकांना वाटतं कुणीतरी काही केलं. बंद घरात कोष शांत पडून राहिले होते. पावलांची थरथर आणि माणसांची ऊब मिळताच सगळे एकदम फुटले, इतकंच. शिवाय मागे भटक्या मांजराने किंवा उंदरांनी तिथे संसार मांडलेला असेल तर पिसवांना मधल्या काळात अन्नही मिळालेलं असतं.

निघण्याआधी घर कोपऱ्यांसकट झाडून केर जाळा, कुत्र्याचं अंथरूण आत ठेवू नका, दाराखालची फट आणि उंदराची बिळं बुजवा. परत आल्यावर त्याच रात्री आत झोपू नका. सकाळी दारं-खिडक्या उघडा, मोठ्या माणसाने पायांत उंच मोजे आणि त्यावर साबणाचं पाणी लावून आत फिरावं, जमीन आपटावी, सामान हलवावं. पिसवा कोषातून निघू द्या. मग झाडून फवारा. एकदा बाहेर पडलेली उपाशी पिसू फार दिवस तग धरत नाही, म्हणून लेकरांची आणि म्हाताऱ्यांची अंथरुणं पहिले काही दिवस बाहेर, खाटेवर.

दुखणी

काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात: शेपटीच्या बुडाशी केस जातात, कातडी लाल, ओली होते, जनावर स्वतःलाच चावत राहतं. मलम लावून ते बरं होत नाही, पिसू थांबली तरच थांबतं.

कुत्र्याच्या विष्ठेत किंवा शेपटीखाली भाताच्या शितासारखे हलणारे तुकडे दिसले तर तो फीतकृमी, आणि या जातीचा फीतकृमी पिसवांतून पसरतो. कुत्रं अंग चाटताना पिसू गिळतं आणि तिच्यातली कृमीची अळी पोटात वाढते. जमिनीवर रांगणाऱ्या, कुत्र्याच्या अंगावर लोळणाऱ्या बाळाच्या तोंडात पिसू गेली तर बाळालाही हा जंत होतो. बाळाच्या लंगोटात असे तुकडे दिसले तर घाबरू नका, ते नमुन्यासाठी एका डबीत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. प्राझिक्वांटेलने ते बरं होतं. पण कुत्र्याला जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर जंत परत येणारच.

पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने तालुक्यात आणि मोठ्या गावांत आहेत, आणि जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पिल्लू सुस्त असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका.

मेलेले उंदीर

इथे सावधपणे पण स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हे घडलेलं आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला या गावी उंदीर मरू लागले, घरांत पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार झाली, आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या तापाचे रुग्ण निघाले. तो प्लेग होता. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी, १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात तो आला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की तो पसरतो कसा. नगरला मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचं शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्यातच गेल्या. उंदरावरची पिसूच हा रोग पोचवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं.

कुत्र्या-मांजरावरची नेहमीची पिसू वेगळी आणि उंदरावरची वेगळी. आपल्या कुत्र्याला पिसवा झाल्या म्हणून प्लेगची भीती बाळगण्याचं कारण नाही. पण घरात किंवा गल्लीत कारणाशिवाय अनेक उंदीर मरून पडले तर त्यांना हात लावू नका, कुत्र्या-मांजराला खाऊ देऊ नका, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर तासाभरात दवाखाना गाठा; वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर हा रोग बरा होतो.

आणि कणगीत, पोत्यांच्या खोलीत उंदरांवर विष ठेवायचं असेल, तर आधी तिथल्या बिळांवर आणि भिंतीच्या बुडाशी पिसवांची फवारणी करून घ्या, मग विष ठेवा. उंदीर मेला की त्याचं अंग थंड होतं आणि त्याच्यावरच्या सगळ्या पिसवा उतरून दुसरं ऊबदार अंग शोधतात. त्या रात्री ओसरीवर झोपलेलं कुत्रं आणि त्याच्या शेजारी झोपलेलं लेकरू त्यांना सगळ्यात जवळ असतं.